बाळाच्या हातचा पेला

दिल्लीच्या नैऋत्येस असलेल्या गुरुग्राम येथे शीतलामातेचे एक जुने देऊळ आहे. चैत्रात तेथे मोठी जत्रा भरते. हरियाणातून, राजस्थानातून आणि दिल्लीतून आया आपली लेकरे घेऊन येतात, देवीपुढे त्यांचे जावळ उतरवतात आणि मूल निरोगी राहावे म्हणून हात जोडतात. शीतला ही मूळची देवीरोगाची देवता. तो रोग आता पृथ्वीवर उरलेला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी घोषणाच केली. तरीही आयांची रीघ थांबलेली नाही, कारण मुलाविषयीची काळजी एका रोगाबरोबर संपत नसते.

ह्या शीतलेविषयी तेथील लोकांची एक श्रद्धा आहे. ही देवी म्हणजे द्रोणाचार्यांची पत्नी कृपी, असे ते मानतात. गावाचे नावही द्रोणांवरूनच पडले, कौरवपांडवांनी आपल्या गुरूला हे गाव दिले, अशी परंपरा आहे. आणि तिला मान देऊन हरियाणा सरकारने २०१६ साली ‘गुडगाव’चे ‘गुरुग्राम’ केले. परंपरेला इतिहासाचा पुरावा मागू नये. पण ती कोणती आठवण जपून ठेवते, हे अवश्य पाहावे. कृपी ही अश्वत्थाम्याची आई. आणि अश्वत्थाम्याच्या बालपणाची जी एकच गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे, ती दुधाच्या पेल्याची आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखटणकर यांनी ज्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पूर्ण केली, त्या आदिपर्वात द्रोण स्वतःच ही हकीकत भीष्मांना सांगतात. श्रीमंतांची मुले गाईचे दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोणांनी गाईसाठी पुष्कळ पायपीट केली. गाय मिळाली नाही. इकडे सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून ते पांढरे पाणी त्याला दिले. ते पिऊन ‘मीही दूध प्यालो’ असे म्हणत तो पोर आनंदाने नाचू लागला, आणि भोवतालचे लोक हसले. ते हसणे बापाच्या जिव्हारी लागले. द्रोण द्रुपदाकडे गेले, तेथे अपमान झाला, तेथून ते कुरूंकडे आले. आणि पुढचे महाभारत आपणा सर्वांना ठाऊकच आहे.

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या घरी काही आठवडे राहण्याच्या निमित्ताने मी ह्या गुरुग्रामात होते. नातीचे उष्टावण नुकतेच झाले होते. जाताना मी माझ्या आईच्या वेळचे चांदीचे बोंडले आठवणीने बरोबर घेतले होते. लेकीने ते हातात घेतले, कौतुकाने पाहिले आणि काचेच्या कपाटात ठेवून दिले. मग म्हणाली, “आई, आज बाजारात जाशील तेव्हा हिच्यासाठी एक सिपर घेऊन ये. पण न सांडणारा बघ हं. हा गालिचा नवा आहे.”

दुकानात गेले तर भिंतभर सिपर मांडलेले. चोचीचे, नळीचे, दोन कानांचे, उलटे धरले तरी थेंब न गळणारे. प्रत्येकावर ‘सांडत नाही’ हे एकच आश्वासन निरनिराळ्या अक्षरांत छापलेले. मी बराच वेळ तेथे उभी राहिले. मुलाने काय प्यावे याचा विचार माणसाने हजारो वर्षे केला. ते कशातून प्यावे याचाही तितकाच जुना इतिहास असला पाहिजे, असे मनात आले. पुढे तो इतिहास जसजसा समजत गेला, तसतसे त्या भिंतीवरच्या आश्वासनाचे मोल मला निराळे वाटू लागले. तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, तोटीचे बालपात्र ही अर्वाचीन कल्पना नव्हे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात लहान मुलांच्या कबरींत मुठीत मावतील एवढी मातीची भांडी सापडली. त्यांना बारीक तोटी होती. इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन भांड्यांच्या आतील अवशेषांची रासायनिक तपासणी केली. ही भांडी सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांत दुधाचे अंश निघाले, आणि त्यांतही गाईगुरांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांचे दूध स्पष्टपणे ओळखता आले. २०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. म्हणजे आईच्या दुधावरून मुलाला हळूहळू वरच्या दुधावर आणण्यासाठी त्या काळच्या माणसांनी खास भांडे घडविले होते. त्याच प्रदेशात मिळालेल्या अशा काही भांड्यांना प्राण्यांचे आकार दिलेले आहेत. मूल हसावे एवढ्यासाठी कुंभाराने चार बोटे अधिक फिरविली होती, असेच म्हणावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही ह्याच सुमारास तोटीची भांडी घरोघर होती. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून जिला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतात, तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० असा धरतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. हे लोक दगावलेल्या मुलाला गावाबाहेर नेत नसत. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत ते चिमुकले शरीर निजवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. सोबत एखादा वाडगा आणि एखादे तोटीचे भांडे ठेवीत. असे भांडे मोठ्यांच्याही सोबत ठेवलेले आढळते. तेव्हा त्याला बालपात्र म्हणणे बरोबर होणार नाही. पण शेवटच्या प्रवासालाही मुलाला प्यावयाचे भांडे लागेल, हा विचार त्या आईबापांच्या मनात होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पुढे घरगुती व्यवहारात जे खरे बालपात्र आपल्याकडे रुजले, ते बोंडले. बोंड म्हणजे स्तनाचे अग्र. त्यावरून हा शब्द आला. लहानशी उथळ वाटी, आणि तिच्या एका अंगाला पानाच्या देठासारखी निमुळती होत गेलेली उघडी पन्हळ, असे त्याचे रूप. ऐपतीप्रमाणे ते चांदीचे, पितळेचे किंवा काशाचे असे. आई बाळाला मांडीवर घेई, त्याचे डोके कोपराच्या खोबणीत उंच धरी आणि बोंडल्याची चोच त्याच्या ओठांशी टेकवून थेंब थेंब दूध सोडी. सहाणेवर उगाळलेली गुटीही त्यातूनच पाजली जाई. दक्षिणेत ह्याच भांड्याला पालाडै म्हणतात, आणि तेथील कितीतरी रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या, ओढण्याची ताकद नसलेल्या बाळांना आईचे काढलेले दूध आजही त्यातून पाजतात.

बोंडल्याचा दोष झाकण्याचे कारण नाही. रडणाऱ्या, आडव्या निजलेल्या मुलाच्या तोंडात ते ओतले तर दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बोंडले पाजणाऱ्याच्या हाताला संयम लागतो. पण त्याचा एक गुण असा आहे की, त्या काळी तो कोणी मोजला नसेल, आणि आज त्याची किंमत कळते. बोंडल्याला आत आणि बाहेर असा भेद नाही. सारे भांडे उघडे. राखेने घासले, गरम पाण्याने विसळले की काम झाले. कोठे काही चिकटून राहिले तर ते डोळ्यांना दिसते.

हा गुण हरवला की काय होते, त्याची कहाणी युरोपच्या इतिहासात फार स्पष्ट वाचावयास मिळते. तेथेही बोंडल्याची एक बहीण होती. होडीच्या आकाराचे ते उघडे भांडे. त्यातून दुधात किंवा पाण्यात भिजविलेला पाव मुलांना भरवीत. १७७० साली लंडनमधील डॉक्टर ह्यू स्मिथ यांनी कॉफीच्या किटलीसारखे, कथिलाचे एक बंद भांडे पुढे आणले. त्याच्या तोटीच्या टोकाला बारीक छिद्रे असत, आणि त्यावर फडके बांधून मुलाला ते चोखावयास देत. हेतू चांगला होता. दूध सांडू नये, मुलाने सावकाश प्यावे. परंतु त्या लांब तोटीच्या आत हात जात नव्हता, आणि फडके कधी नीट वाळत नव्हते.

नंतर रबर आले. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी बोंडाचे पेटंट घेतले. पाठोपाठ काचेची एक बाटली निघाली, तिच्या तोंडातून एक लांब रबरी नळी बाहेर येई आणि नळीच्या टोकाला बोंड असे. ही बाटली पाळण्यात मुलाशेजारी ठेवून दिली की मूल आपले आपण पीत राही. आईला उठावे लागत नसे. सोय अशी की सारे इंग्लंड तिच्या प्रेमात पडले. पण दूध त्या नळीत साचे, आंबे, आणि उन्हाळ्यात जुलाबांची साथ आली की त्याच नळीतून ती मुलाच्या पोटात उतरे. रोगजंतूंचे शास्त्र जसजसे पुढे आले, तसतसे डॉक्टर ह्या बाटलीला उघडपणे ‘खुनी बाटली’ म्हणू लागले. फ्रान्सने तर १९१० साली कायदा करून लांब नळीच्या बाटलीवर बंदीच घातली.

ह्या साऱ्या खटाटोपात एका कारागिराला मात्र मर्म सापडले होते. १८९४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन अँड हॅन्बरीज ह्या औषधी कंपनीने होडीसारखी, दोन्ही टोकांना उघडी असलेली काचेची बाटली बाजारात आणली. एका टोकाला बोंड, दुसऱ्या टोकाला हवा आत घेणारी झडप. दोन्ही काढून टाकली की नळाखाली धरलेल्या बाटलीतून पाण्याचा लोट आरपार जाई. बोंडल्याचा जो सहजगुण होता, तोच तिने काचेत परत मिळविला होता.

आपल्या देशात बाटलीचा प्रवेश इंग्रजी घरांतून आणि पुढे डब्यातील दुधाबरोबर झाला. बाटलीचे दूध हे सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. डब्यावरचे गुबगुबीत मूल पाहून गरीब आईही पदरचे पैसे मोडून तो डबा घेई, तो पुरावा म्हणून दुधात दुप्पट पाणी घाली, आणि बाटली उकळण्याइतके सरपण घरात नसे. पिठाचे पाणी पिऊन नाचणाऱ्या अश्वत्थाम्याची ही नवी आवृत्तीच होती. फरक एवढाच की ह्या मुलांना नाचावयाचे बळही राहत नसे.

ह्याविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि कार्यकर्त्यांची एक अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. जागतिक आरोग्य सभेने १९८१ सालीच मातृदुग्धाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीविषयी एक संहिता संमत केली होती. तिला अनुसरून भारताच्या संसदेने १९९२ साली कायदा केला. १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला आणि २००३ साली अधिक कडक झाला. ह्या कायद्याने बाळदुधाची आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास मनाई केली, आणि आईचे दूध सर्वांत उत्तम असे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. कायद्यातील ‘बाटली’च्या व्याख्येत तिचे बोंड आणि तिची झडपही येते. जुन्या नळीच्या बाटल्यांचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे त्या दोन शब्दांचे महत्त्व पटते.

आता त्या गालिच्याकडे वळू. बाटली आणि पेला यांच्यामधला जो सिपर, त्याचे न सांडणारे रूप अगदी अलीकडचे आहे. अमेरिकेत रिचर्ड बेलँजर नावाच्या यंत्रविशारदाने आपल्या तान्ह्या मुलाने सांडलेले पुसून पुसून कंटाळल्यावर १९८०च्या दशकात अशा पेल्याची रचना केली. इंग्लंडमधील मँडी हॅबरमन यांची कथा तर अधिक बोधप्रद आहे. त्यांची मुलगी १९८० साली जन्मली ती दुभंगलेली टाळू घेऊन; तिला चोखताच येत नव्हते. आईने धडपड करून ओठांनी व हिरड्यांनी हलके दाबताच दूध देणारे एक साधन तयार केले. अशा बाळांसाठी ते आजही अनेक देशांतील रुग्णालयांत वापरतात. त्यानंतर १९९० साली ह्याच बाई एका घरी गेल्या असताना एका मुलाच्या हातून काळ्या द्राक्षासारख्या फळाचा गडद रस पांढऱ्या गालिच्यावर सांडण्याच्या बेतात होता. त्याच्या आईने झेप घालून तो अडविला. ती झेप पाहून हॅबरमन यांना कल्पना सुचली: पेल्याच्या चोचीत अशी झडप असावी की मुलाने ओढले तरच ती उघडेल, आणि ओढणे थांबताच मिटेल. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीप्रमुखाला त्यांनी आपला पेला रसाने भरून, साध्या पांढऱ्या खोक्यात टपालाने पाठविला. खोके कोरडे पोहोचले आणि मागणी आली. पुढे एका प्रतिस्पर्धी कंपनीने ती कल्पना उचलली तेव्हा १९९९ साली लंडनच्या न्यायालयाने हॅबरमन यांच्या बाजूने निकाल दिला.

एकाच स्त्रीच्या हातून दोन साधने निर्माण झाली. पहिले चोखता न येणाऱ्या मुलासाठी होते, दुसरे गालिच्यासाठी. दुसऱ्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गालिचा धुणारे हातही आईचेच असतात, आणि दमलेल्या आईची सोय ही क्षुल्लक बाब नव्हे. परंतु कोणती वस्तू कोणाच्या सुखासाठी जन्मली, हे ठाऊक असले म्हणजे तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे नीट ठरविता येते.

न सांडण्यासाठी ही झडप मुलाकडून काय घेते, ते पाहा. उघड्या पेल्यातून पिताना मूल खालचा ओठ कडेला टेकविते, जबडा स्थिर धरते, घोटाचा अंदाज घेते. ही एक नवी विद्या आहे. झडपेच्या चोचीतून मात्र त्याला बाटलीसारखेच ओढावे लागते. म्हणजे पेला हातात आला, पण बाटली तोंडातून गेली नाही. शिवाय न सांडणारा पेला मुलाच्या हातून कोणी काढून घेत नाही. ते तो घेऊन रांगते, खेळते, झोपते. आत दूध किंवा गोड रस असेल तर तासन् तास थोडी थोडी साखर दातांवर येत राहते. तोंडातील जंतू तिचे आम्ल करतात, आणि वरचे पुढचे कोवळे दात किडू लागतात. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की, बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मुलाला बाटलीवरून उघड्या पेल्यावर आणावे. तिच्या २०१७ सालच्या शिफारशीनुसार पहिल्या वर्षात फळांचा रस देऊच नये, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे १२० मिलिलिटरच्या वर देऊ नये.

तिसरी गोष्ट जुनीच, नळीच्या बाटलीची. झडपेच्या पापुद्र्यांत दुधाची साय अडकते. २०१६ साली अमेरिकेत एका जातीच्या सिपरच्या अखंड झडपेत बुरशी धरत असल्याचे उघडकीस आले, आणि तीस लाखांहून अधिक पेले बाजारातून परत घ्यावे लागले. आईबाप ते पेले रोज धूत होते. पण झडप उकलून पाहता येत नव्हती, आणि जे दिसत नाही ते धुतले जात नाही. गुरुग्रामसारख्या गावी, जेथे कूपनलिकेचे पाणी जड आहे, तेथे क्षारांचा थर बसून असल्या फटी आणखीनच खरखरीत होतात.

चौथी बाब प्लास्टिकची. पॉलिकार्बोनेट नावाच्या कठीण, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकमधून, विशेषतः गरम दूध घातले असता, बिस्फिनॉल-ए हे रसायन सूक्ष्म प्रमाणात पाझरते. अमेरिकेने २०१२ साली बाळांच्या बाटल्या आणि सिपर यांसाठी त्या प्लास्टिकची अनुमती काढून घेतली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली बाटल्यांच्या मानकातून ते वगळले.

एवढा इतिहास पाठीशी घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दुकानात गेले. ह्या वेळी वेष्टनावरचे आश्वासन वाचले नाही. विक्रेत्या मुलीला म्हटले, “बेटा, हा पेला पूर्ण खोलून दाखव.” ती थोडी चकित झाली, पण तिने एकेक पेला खोलला. काहींचे सात तुकडे झाले, काहींची झडप चोचीत कायमची बसविलेली निघाली. ती सारी मी परत ठेवली. शेवटी जो घेतला त्याचे तीन भाग होतात: रुंद तोंडाचे पोलादी भांडे, झाकण, आणि सहज निघून पालथी होणारी एकच मऊ झडप. बोट तळापर्यंत जाते. झडप उजेडाकडे धरली की आरपार दिसते. ती काढून ठेवली तर उरलेले भांडे साध्या पेल्यासारखे वापरता येते. न सांडण्याची कसोटी मी शेवटी घेतली, आणि तीत तो मध्यम गुणांनी उत्तीर्ण झाला.

मुलासाठी असा पेला घेऊ इच्छिणाऱ्या आईबापांना, आणि माझ्यासारख्या आजीआजोबांनाही, मी इतकेच सुचवीन. दुकानात तो खोलून पाहा, आणि जो खुलत नाही तो घेऊ नका. किती भाग होतात ते मोजा. रात्री दमल्यावर तेवढे भाग धुण्याचे बळ आपल्यात आहे का, हे मनाला विचारा. झडप सुटी मिळते की नाही ते पाहा; ती चिरली वा काळवंडली तर लगेच बदला. गरम दूध प्लास्टिकमध्ये ओतू नका. झडपेचा पेला प्रवासासाठी, गाडीसाठी, बागेत नेण्यासाठी ठेवा, आणि त्यात साधे पाणीच घाला. दूध घरी, बसून, उघड्या पेल्यातून द्या. सहा महिने पुरे झालेले मूल मांडीवर ताठ बसू लागले की, छोट्या फुलपात्रात दोन घोट पाणी घालून त्याच्या ओठांशी धरता येते. पहिले काही दिवस निम्मे पाणी त्याच्या अंगरख्यावर जाईल. दोनच घोट घातले असतील, तर एकाच घोटाचे नुकसान होईल.

आपल्या पूर्वजांनी उष्टावणाचा संस्कार सहाव्या महिन्याच्या आसपास ठेवला, आणि त्यात वाटीचमच्याला मान दिला, हे मला आता केवळ रूढी म्हणून दिसत नाही. मूल घरातील इतरांप्रमाणे, सर्वांच्या देखत, उघड्या भांड्यातून अन्नपाणी घेऊ लागते, हा त्या विधीचा अर्थ आहे. त्या दिवशी पहिला घास सांडतोच. आणि कोणी त्यासाठी मुलावर रागावत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेक मला शीतलामातेच्या देवळात घेऊन गेली. नात तिच्या कडेवर होती. रांगेत आमच्या पुढे एक खेड्यातील बाई उभी होती. तिच्या दीड वर्षाच्या मुलाच्या हातात रंगीत, झाकणबंद सिपर होता, आणि त्यात केशरी रंगाचे काहीतरी गोड पेय. ते मूल मोठ्या आनंदाने ओढीत होते. मला एकदम कृपीची आठवण झाली. तिच्या मुलाच्या पेल्यात पीठ कालवलेले पाणी होते, पण तो पेला उघडा होता. भोवतालच्यांना ते पांढरे पाणी दिसले, द्रोणांना कळले, आणि आपल्या मुलाला काय मिळत नाही हे जाणून त्यांनी पुढचा मार्ग धरला. त्या कथेतील सारे दुःख त्या पेल्यात होते, पण ते झाकलेले नव्हते.

घरी आल्यावर लेकीने कपाटातून बोंडले काढले. मी समजले, ती ते बरोबर नेण्यासाठी बांधून देणार. पण तिने ते गरम पाण्याने विसळले, त्यात चमचाभर पाणी घातले आणि मुलीला मांडीवर ताठ बसवून तिच्या ओठांशी धरले. नातीने चोच तोंडात घेतली, थोडे प्याली, उरलेले हनुवटीवरून ओघळून खाली गेले. लेकीने गालिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पदराने मुलीची हनुवटी पुसून पुन्हा चमचाभर पाणी घेतले.